सुन्या, पोरं आज मालगुंडला गेली

सुन्या,

स्कूटरची चावी तुझे भावोजी खिशात घालून गेलेत. दुसरी चावी फ्रिजवरच्या डब्यात असते, ती ओंकारने उचलली. या घरात माझ्यावर किती विश्वास आहे ते यावरून समज. उजाडता उजाडता तिघं सायकली घेऊन बाहेर पडले आणि फाटकाशी जुईने मला बजावलं, "आई, फोन करायचा नाही. पोचलो की आम्ही करू. आणि मागून यायचं नाही." अकरा वर्षांची पोरगी, माझ्यासमोर बोट नाचवून सांगत होती. ते बोट कोणाकडून आलंय ते मला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून पायरीवर बसून तुझ्याशी बोलतेय. घरात जाऊन काही करावं तर हात चालत नाही. मघाशी चौघांपुरती कणीक भिजवली आणि मग लक्षात आलं की जेवायला मी एकटीच आहे. तू जाऊन अजून महिना झाला नाही. येणारेजाणारे मला सांगतात, आता भावाचं चांगलं तेवढं आठवायचं. मी बसते रे आठवायला. पण तुझं काहीही आठवलं की थोड्या वेळात आपलं भांडण सुरू होतं, त्याला मी काय करू?

तर, मालगुंडला गेलेत. सायकलने. आरे-वाऱ्याच्या रस्त्याने. ज्याला मी पाच वर्षं "बघू" म्हणत आले, तेच. आणि मी त्यांना जाऊ दिलंय. विश्वास बसत नाही ना? माझाही बसत नाहीये, म्हणून तर दर दोन मिनिटांनी फाटकाकडे बघतेय.

आधी तुझ्या दहाव्याचं सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे.

गावी नदीवर सगळे जमलो होतो. अण्णाकाकांनी आदल्या दिवशीच फोन करून सगळ्यांना कामाला लावलं होतं. म्हणाले, "कावळा शिवाया वेळ लागला तर घाबरू नका. एकेकानं फुडं व्हायाचा आनि सुन्याचा जा काय ऱ्हायला असंल ता कबूल करायाचा." मग काय काय राहिलं यावर चर्चा. लग्न राहिलं, पण ते आता कबूल करून कोणाचाच फायदा नव्हता. घराची कौलं चाळायची राहिली, ती काकांनी स्वतःकडे घेतली. त्यांचा महेश म्हणाला, मी त्याची मोटरसायकल नीट सांभाळीन असं सांगतो. त्याला ती पहिल्यापासून हवी होती. मी कोणाला काही बोलले नाही. पण रत्नागिरी ते गाव, अख्ख्या रस्ताभर मी मनात घोकत होते: सुन्या, पोरांना सायकलने मालगुंडला सोडते. जा आता.

महेशने पिंड ठेवला. शेजारी मी केलेली कांदाभजी ठेवली. भटजी धोतर सावरत मागे सरकत होते, अण्णाकाकांनी नुसता घसा खाकरला होता, आणि तेवढ्यात एक कावळा झाडावरून उतरला आणि सरळ पिंडावर. भजीकडे ढुंकूनही बघितलं नाही. काकांचा घसा तसाच खाकरलेला राहिला.

बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "समाधानाने गेला हो. काही म्हणता काही राहिलं नव्हतं त्याचं." मी दात-ओठ खात उभी. काही राहिलं नव्हतं? दर सुट्टीत माझं डोकं खाल्लंस, मालगुंड, मालगुंड म्हणून. आणि मी शेवटी हो म्हणायला तयार होऊन आले तर दोन मिनिटं दम निघाला नाही तुला? जन्मात कधी कुठे वेळेवर आला नाहीस. माझ्या साखरपुड्याला तू वाडीत क्रिकेट खेळत होतास, बाबा कानाला धरून घेऊन आले होते. आणि नेमका इथे वेळेच्या आधी हजर.

गावाहून येताना गाडीत मी कोणाशी बोलले नाही. सगळ्यांना वाटलं दुःखाने. होतंच दुःख. पण त्याच्यावर रागाचा एक थर होता.

पाच वर्षांपूर्वी तू शिमग्याला आलास तेव्हा तुझ्या पाठीवर एक सॅक होती आणि तिच्यात दोन टी-शर्ट. गावात पालखी नाचवून खांदा सुजवून घेतलास आणि डोंबिवलीला परत जायच्या आधी दोन दिवस ताईकडे म्हणून रत्नागिरीत उतरलास. ते दोन दिवस गणपतीपर्यंत चालले. गाड्या बंद, तुझं ऑफिस बंद, पोरांची शाळा बंद. चालू होतं ते फक्त तुझं तोंड आणि माझा मोबाईलवरचा वर्ग. मी सातवीच्या मुलांना भूगोल शिकवायची आणि माझ्या मागे तू आणि माझी दोन पोरं सोफ्यावरून उड्या मारायचात. एकदा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही माकड पाळलंय का?" मी म्हटलं, "हो."

कपडे कमी पडले म्हणून तुला भावोजींच्या पँटी दिल्या. त्यांच्या एका पँटीत तू दोनदा मावला असतास. कमरेला सुतळी बांधून फिरायचास. त्यांना बिचाऱ्यांना विजेच्या ऑफिसमुळे रोज बाहेर जावं लागे; संध्याकाळी आले की आम्ही त्यांना मागच्या अंगणात उभं करून बादल्या ओतायचो. जुई खिडकीतून विचारायची, "बाबांना रोज का धुतात?" रोज ते दारातून बाहेर पडले की मी तुम्हा तिघांवर ओरडत सुटायची. शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "या दोघांना घेऊन कुठेतरी जा. कुठेही जा. पण मला माझा भूगोल शिकवू दे." हे वाक्य तू पुढे प्रत्येक भांडणात माझ्या तोंडावर मारलंस. "तूच म्हणालीस ना, कुठेही जा."

रत्नागिरीत सायकल शिकवायची म्हणजे कठीण काम. घरातून निघालं की एकतर चढ नाहीतर उतार. पण आमची कॉलनी मिरजोळ्याच्या एमआयडीसीला लागून, आणि एरवी ट्रक-टेम्पोंनी भरलेले तिथले रुंद, सपाट रस्ते ओस पडले होते. जगात सगळ्यांना घरं लहान वाटत होती, तेव्हा तुला अख्खी एमआयडीसी अंगण म्हणून मिळाली. सायकली तू कॉलनीतूनच गोळा केल्यास. ओंकारची लहानपणची, बाजूच्या दोन छोट्या चाकांवाली, ती जुईला. ओंकारला वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीची, गुलाबी, पुढे बास्केट. तुला शेजारच्या काझीचाचांची काळी, दांड्याची. जन्म बोटीवर काढलेला माणूस, सायकल हातात देताना एवढंच म्हणाले, "ही आमच्या अब्बांची आहे. पडलास तर तू पड, हिला पाडू नको."

ओंकार नऊ वर्षांचा, तो गुलाबी सायकलवर बसेना. तर तू त्या बास्केटमध्ये सॅनिटायझर, पाण्याची बाटली आणि कापसाचं एक बंडल ठेवून सांगितलंस की ही ॲम्ब्युलन्स आहे. मग काय, तो तोंडाने सायरन वाजवत कॉलनीभर सुटला. त्या दिवसांत! दोन घरांत लोकांनी दारं लावून घेतली आणि तिसऱ्या घरातल्या काकू मला फोन करून हळूच विचारू लागल्या, "तुमच्याकडे कोणाला नेलं का हो?"

आणि ते तुझं गाऱ्हाणं. शिमग्याची पालखी अजून तुझ्या अंगातून उतरली नव्हती. रोज सकाळी एमआयडीसीच्या पहिल्या वळणावर तीन सायकली ओळीत उभ्या करायच्या, त्यांच्यासमोर हात जोडायचे आणि गावच्या गुरवाच्या आवाजात सुरू करायचं:

"बा देवा म्हाराजा! ही तुजी दोन लेकरां आज सायकली घेऊन चाल्ली हायत. त्यांच्या वाटंला जो कोन कुत्रा-मांजार आडवा येल त्याला तूच आडवा घे, म्हाराजा!"

पोरं गळा फाडून: "व्हय म्हाराजा!"

"चेन पडू देऊ नको, हवा जाऊ देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि परत येस्तवर ह्यांच्या आईचा फोन लागू देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. पोलिसांमुळे कळलं. नाक्यावरच्या हवालदाराने तुम्हाला अडवलं, माणूस घाटावरचा, आवाज दणदणीत. म्हणाला, "लॉकडाऊन हाय, म्हाईत हाय न्हवं?" आणि माझी दोन्ही पोरं, सवयीने, छाती काढून एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" त्याला वाटलं चेष्टा चाललीय. तुला तिथल्या तिथे उठाबशा काढायला लावल्या. भावोजींच्या पँटीची सुतळी तुटली. तू एका हाताने पँट धरून उठाबशा काढतोयस आणि जुई प्रामाणिकपणे मोजतेय, मध्ये चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्या हवालदारालाच हसू आवरेना. तू घरी येऊन मला सांगितलंस, "पोलिसांना जरा व्यायाम दाखवत होतो."

आज सकाळी फाटकाशी तीन सायकली उभ्या राहिल्या तेव्हा मी वाट बघत होते, कोणी गाऱ्हाणं घालतंय का. ओंकार आता चौदाचा, आवाज फुटलाय, त्याला लाज वाटली असणार. जुईने त्याच्याकडे बघितलं, त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, आणि कोणी काही न बोलता निघाले. मला वाईट वाटलं. मीच घालायला हवं होतं, पण त्यातलं शेवटचं वाक्य मी कसं म्हणणार?

जुईच्या सायकलीचा तुझा तो पराक्रम मी अजून लोकांना सांगते. तिची बाजूची चाकं काढायची म्हणजे ती भोकाड पसरायची. म्हणून तू युक्ती केलीस, आधी एकच काढायचं. उजवं काढलंस, डावं ठेवलंस. कोणी शहाणा माणूस असं करतो का? पोरगी सगळा भार डावीकडे टाकून, वाकडी होऊन चालवायला लागली. डावीकडे झोकात वळायची, उजवीकडे वळायचं म्हटलं की सायकल सोडून रस्त्यात बसायची. तेव्हा तू काय करावंस? चाक बदलावं? नाही. तू रस्ता बदललास! अख्ख्या एमआयडीसीत फक्त डावीकडे वळत घरी कसं यायचं ते शोधून काढलंस. आमचं घर शेवटच्या वळणाला उजव्या हाताला, म्हणून तीन डावी वळणं घेऊन, बंद पडलेल्या काजू फॅक्टरीला वळसा घालून तुमची वरात यायची. ओंकार कंटाळून सरळ घरी येऊन पाणी पिऊन परत तुम्हाला भेटायला जायचा.

आणि मग एका सकाळी त्या फॅक्टरीच्या रस्त्यावर बांबू लागले. मागच्या चाळीत कोणाला तरी कोरोना झाला होता. डावीकडचा रस्ता बंद, घर उजवीकडे. पोरगी चौकात सायकलवर बसून. ऊन चढायला लागलं तरी तुम्ही आला नाहीत, तुझा फोन लागेना, म्हणून मी वर्ग अर्ध्यावर सोडून स्कूटर काढली. बघते तर तू रस्त्याकडेला आंब्याच्या सावलीत मांडी घालून बसलेला, ओंकार सायरनशिवाय उभा, आणि जुई एकटी चौकात, रडून लाल.

मी तिथूनच सुरू झाले. "अरे उचल तिला! सायकल हातात घे आणि चल घरी! डोकं फिरलंय का तुझं?"

तू उठलास, माझ्याजवळ आलास आणि माझ्या तोंडावरचा मास्क वर ओढून माझ्या डोळ्यांवर नेलास. वर म्हणालास, "तायडे, ओरड तू किती ओरडायचं ते. पण बघू नको गो. तू बघतेस म्हणून तिला भीती वाटते."

भर रस्त्यात, डोळ्यांवर मास्क, मी आंधळ्यासारखी उभी. तुला काय काय बोलले ते परत सांगत नाही. आणि मध्येच मला ते एकुलतं चाक खडखडताना ऐकू आलं. मग खडखडायचं थांबलं. मी मास्क खाली ओढला तेव्हा जुई उजवीकडे वळली होती. डावं चाक हवेत होतं. ती सरळ आमच्या गल्लीत गेली, आणि थांबायचं कसं ते कोणी शिकवलं नसल्यामुळे काझीचाचांच्या जास्वंदीत जाऊन थांबली.

त्या रात्री मी तुझ्याशी बोलले नाही. आणि तुला वाढताना तुझ्या ताटात माशाची मोठी तुकडी घातली. तू ती चाटूनपुसून खाल्लीस.

पोरांना विचारलं ना, लॉकडाऊन कसा होता, तर ती म्हणतात, मस्त. शाळेत मैत्रिणीसमोर जुई एकदा म्हणाली, "परत लागला पाहिजे." मी तिला गप्प केलं. लोकांची माणसं गेली त्या दिवसांत. मी रोज जीव मुठीत धरून जगत होते, आणि माझ्या घरातली दोन पोरं त्याच दिवसांना सुट्टी समजली, ते तुझ्यामुळे. तू त्यांना घाबरायला वेळच दिला नाहीस. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. आता सांगते. तुझे उपकार आहेत रे माझ्यावर.

मालगुंडचं खूळ त्याच्यानंतरचं. जरा सैल झालं, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरता यायला लागलं, तशी तुला मामी आठवली. आईच्या माहेरी आता मामी एकटीच, आणि तिच्या हातचे घावणे. तू पोरांना सांगून बसलास, आपण सायकलने मामीआजीकडे जायचं, डाव्या हाताला समुद्र ठेवून, जुई तर काय डावीकडची तज्ज्ञ. पोरं दोन दिवस नाचत होती. मी नाही म्हटलं. आरे-वाऱ्याचे चढउतार तुला माहीत नाहीत? पर्यटकांच्या गाड्या एकदा सुरू झाल्या की कशा सुटतात ते ठाऊक नाही? तुझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून मी शाळेत असताना एक उतार उतरलेय, हनुवटीवर अजून टाक्यांची खूण आहे. तेव्हाही तू म्हणाला होतास, "ब्रेक आहेत गो." होते ना. एकच होता आणि तो लागत नव्हता.

मग दरवर्षी तेच. तू मे महिन्यात येऊन विचारायचास, यंदा? मी म्हणायची, जुई लहान आहे. पुढल्या वर्षी यंदा? ओंकारचा हात मोडलाय. (तो सोफ्यावरून पडून मोडला होता, त्याचंही मूळ तूच.) मग ऊन फार, मग रस्त्याचं काम चाललंय. तू हसायचास. म्हणायचास, "तुझी कारणं संपतील तायडे, मालगुंड कुठे जात नाही." आणि या गणपतीत, परत जाताना एसटीच्या खिडकीतून डोकं काढून, सगळ्या लोकांसमोर ओरडलास, "दिवाळीला येतोय! तेव्हा मालगुंड!" मी म्हटलं, "बघू." गाडी सुटली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी डोंबिवलीहून फोन आला. तुझ्या शेजाऱ्यांचा होता. सकाळी चहा ठेवलास आणि तिथेच बसलास म्हणे, आणि उठला नाहीस. मी त्यांना विचारलं, "गॅस बंद केलात ना?" माणूस काय विचारतो बघ.

मी आजही म्हणते की मी बरोबर होते. तो रस्ता लहान पोरांचा नाही. पाच वर्षांपूर्वी नव्हता, चार वर्षांपूर्वी नव्हता. तू समोर असतास तर अजून भांडले असते, आणि जिंकले असते.

पण दहाव्याहून आल्यावर दोन दिवसांनी जेवताना मी बोलून गेले. म्हटलं, मी मामाला मालगुंडचं कबूल करणार होते, पण कावळा थांबलाच नाही. ओंकार आता फार तर्क करतो. तो म्हणाला, "म्हणजे तू बोललीच नाहीस. मग तुझ्यावर काही बंधन नाही." माझ्या बाजूने बोलायचा प्रयत्न होता त्याचा. मोठा होतोय. मीही मान हलवली. सुटले, असंच वाटलं मला क्षणभर.

जुई भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "मामाला माहीत होतं ना, आई हो म्हणणारे. मग तो कशाला थांबेल?"

सुन्या, मी ताटावरून उठले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. तू गेल्याची बातमी आली तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. बाहेर येऊन म्हटलं, "रविवारी जा. बाबा बरोबर पाहिजेत. आणि हेल्मेट."

तुझ्या भावोजींना हे पहिल्यांदा कळलंच नाही की "बाबा बरोबर" म्हणजे बाबाही सायकलवर. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ऑफिसातल्या कोणाची तरी गिअरची सायकल आणली. आठवडाभर एमआयडीसीत सराव केला. पहिल्या दिवशी परत आले ते सायकल हातात धरून, आणि दोन दिवस जेवायला उशीवर बसले. आज निघताना सीटवर माझी जुनी शाल दुमडून बांधलीय. पोटामुळे पॅडल दिसत नाही त्यांना. तुझ्यासाठी चाललेत, हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण पहाटे चपला शोधताना डोळे पुसत होते.

ऊन पायरीवर आलं बघ. काझीचाचा दोनदा फाटकाशी येऊन गेले. पहिल्यांदा विचारलं, "फोन आला?" दुसऱ्यांदा काही न विचारता जास्वंदीला पाणी घालत उभे राहिले. तिला पाणी त्यांनी सकाळीच घातलंय. मी मोबाईल मांडीवर ठेवलाय. दोनदा हातात घेतला. करायचा नाही म्हणालीय. आता साखरतरचा पूल गेला असेल, आता आरे. आता तो मोठा उतार. सुन्या, मी डोळे मिटून बसलेय.

वाजला.

"आई! पोचलो!" जुईच. मामीच्या फोनवरून. मागे तव्यावर घावणे घातल्याचा चर्र आवाज. "बाबा पडवीत आडवे झालेत, उठत नाहीयेत, पण बरे आहेत. ओंकार खातोय. मामीआजी म्हणते, गो बाय, येवढ्या लांबशी सायकलीन आलास, तुज्या आईला काय कामधंदो नाय? आई, उतार उतरलो आम्ही! दोन्ही! समुद्र पूर्ण डावीकडे होता!"

मी म्हटलं, "बरं. बरं केलंत. मामाला दे फोन."

निघून गेलं तोंडातून. पाच वर्षांत पोरं तुझ्याबरोबर कुठेही गेली की पुढचं वाक्य हेच असायचं, ते आलं. पलीकडे तवा तेवढा वाजत होता. मला वाटलं, आता पोर रडेल, आता फोन ठेवेल.

मग ती म्हणाली, "मला सांग ना. काय सांगायचंय ते."

मग सांगितलं. ऊन उतरल्याशिवाय निघायचं नाही. उतारावर दोन्ही ब्रेक धरायचे, पण हळूहळू, एकदम नाही. मागून गाडी आली की कडेला व्हायचं, तिच्याशी शर्यत लावायची नाही. ओंकारला फार पुढे जाऊ द्यायचं नाही. पाणी प्यायचं. निघताना फोन करायचा. सगळं त्याच आवाजात सांगितलं, ओरडून, काझीचाचा पाण्याची झारी हातात धरून माझ्याकडे बघत होते. तू मध्ये दहा वेळा "हो गो, हो" म्हणाला असतास. तिने एकदाही अडवलं नाही.

"सांगून झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. नाही झालं रे, सुन्या.